शेतातली नोंद : गाडीचा सौदा



तूर सोंगून पडलीय, मळणी यंत्र अजून आमच्या शिवारात आलं नाही. हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे. सप्टेंबरच्या पावसानं कापूस आणि सोयाबीनचं काय केलं ते मागं लिहिलंच आहे, ते परत उगाळत नाही. आज पिकाचं लिहिणार नाही. दोन आठवडे झाले, जो भेटतोय तो एकच विचारतोय, "गाडी कितीला पडली?" एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझी फजिती झाली तीपण लिहितो. ती लपवली तर लिहिण्यात काही अर्थ नाही.

गाडी माझी नाही. थोरल्या पोरीची आहे. पुण्याला कंपनीत आहे ती, चार वर्षं झाली. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातून. मी फक्त सौदा करायला सोबत गेलो होतो. गावात काही जणांनी विचारलं, "लग्नात द्यायला आत्ताच घेऊन ठेवली का?" नाही. तिनं तिच्यासाठी घेतली आणि आजीसाठी घेतली.

आजीचं म्हणजे असं. आमच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. पोरीनं मावसभावाच्या उंच गाडीत तिला बसवून बघितलं, तर दोघांनी उचलावं लागलं. म्हणून तिनं डिकीवाली लांब, बुटकी गाडी ठरवली, जिला सेडान म्हणतात. वर्ना, सिटी, व्हर्टस, स्लाविया ह्या जातीची. गावातले म्हणले, "बीड जिल्ह्यात कुणी असली गाडी घेतं का? स्कॉर्पिओ घ्यायची. गडावर चढताना हिचं पोट टेकल." पोरगी म्हणली, "आजीचे पाय टेकले म्हणजे झालं." विषय संपला.

आता मला सौद्याला कामून नेलं, तर मी नेकनूरच्या बैलबाजारात पंचवीस वर्षं फिरलेला माणूस. रुमालाखाली बोटं धरून सौदे केलेत. भावकीत कुणालाही बैल घ्यायचा असला की मला आधी बोलवायचे. दात बघायचे, खांदा बघायचा, चार पावलं चालवायचा, मग हेड्याच्या हातात हात. तो चाळीस म्हणला की आपण पंचवीस म्हणायचं, उठून चालायला लागायचं, तो मागनं हाक मारतोच. हे मला जमतं. म्हणून पोरगी म्हणली, "आण्णा, तुम्ही चला." मला बरं वाटलं. ह्या वर्षी पिकानं तर तिला द्यायला काही ठेवलं नव्हतं. म्हणलं, पैसा नाही तर निदान तोंड तरी कामाला येईल.

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी गेलो. संभाजीनगरची एक शोरूम. नाव लिहीत नाही, नावाचा विषय नाही, सगळीकडं थोड्याफार फरकानं असंच असतं. काचेची इमारत, आत गारवा, चहा, बिस्किटं. विक्रीचा पोरगा गोड होता. कर्ज पोरीचं, लायसन पोरीचं, पण तो बोलत होता माझ्याशी. "काका, काका" करून त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि छापील कागद पुढं ठेवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : एकूण फायदा ६६,००० रुपये. खाली : ऑन रोड किंमत १५,९३,१००.

मी कागद बघितलाच नाही. मी आकडा बघितला. आणि नेकनूर सुरू केलं.

"पंधरा द्यु."

तो हसला. आत जाऊन आला. पंधरा ऐंशी. मी उठलो, दारापर्यंत गेलो. मॅनेजर स्वतः आला. पंधरा साठ. मी म्हणलं, "आमच्याकडं वर्ष वाईट गेलंय साहेब, शेतकऱ्याचं बघा." पंधरा पन्नास. शेवटी पंधरा चाळीसला त्यानं हात पुढं केला. अर्ध्या तासात ५३,१०० रुपये तोडले. माझी छाती भरून आली. खिशात इसाराचे अकरा हजार होते, नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

पोरीनं त्यावर हात ठेवला. म्हणली, "आण्णा, थांबा. गाडी कुठल्या महिन्यातली आहे ते विचारायचं राहिलंय."

चार माणसांत लेकीनं बापाचा हात धरला. हातावर हात मारल्यावर सौदा मोडायचा नसतो, ही आमची रीत. मला राग आला. मी म्हणलं, "तुला कळतंय तर तूच कर," आणि उठून बाहेर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

ती दहा मिनिटांनी आली. शेजारी बाकड्यावर बसली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणली, "आण्णा, ट्रॅक्टरचा कागद मी वाचला होता."

जुन्या वाचकांना ट्रॅक्टरचं माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. २०१२ ला आम्ही ट्रॅक्टर घेतला. पाच लाख कर्ज खाजगी फायनान्सचं. माणूस म्हणला, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं, सहा महिन्याला ७२,५०० चा हप्ता. बँक तवा अकरा-बाराच्या पुढं सांगत होती, मला नऊ स्वस्त वाटलं. करारनामा इंग्रजीत. मी दहावी, तीबी जुनी. पोरगी नववीत होती, इंग्रजीत पहिला नंबर. मी तिला म्हणलं, बाई, वाच. तिनं खडाखडा वाचलं, सगळी कौतुकानं बघत होती, आणि मी सह्या केल्या.

ते नऊ टक्के 'फ्लॅट' होतं. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण पाच लाखावरच. वर्षाला ४५ हजार, पाच वर्षांचे सव्वादोन लाख. बँकेच्या घटत्या हिशोबानं बघितलं तर तो दर पंधरा टक्क्याच्या घरात जातो. स्वस्त म्हणून घेतलं ते सगळ्यात महाग होतं. त्यात २०१२ चा पाऊस गेला, २०१३ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असल, जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. दुसऱ्या हप्त्याला आम्ही हौशा आणि मोऱ्या विकले. ट्रॅक्टरसाठी बैल विकले ह्याचं लोकांना काही वाटलं नाही, सगळेच विकत होते. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती.

टपरीवर पोरगी म्हणली, "त्या कागदात 'फ्लॅट' लिहिलेलं होतं. मला वाटलं फ्लॅट म्हंजी घर. ट्रॅक्टरच्या कागदात घर कशाला, असं मनात आलं होतं. पण विचारलं नाही. सगळी माझ्याकडं बघत होती, अडले असते तर लाज वाटली असती. मोऱ्याला टेम्पोत चढवलं तवा मला वाटलं, मी नीट वाचलं असतं तर."

तेरा वर्षं तिच्या मनात हे होतं. मला माहीत नव्हतं. मी तिला म्हणलं, "बाई, तू लेकरू होतीस, सही माझी होती." ती म्हणली, "व्हय. आता सही माझी आहे. म्हणून प्रत्येक ओळ विचारणार. तुम्ही शेजारी बसा, पण आकडा बोलू नका."

परत आत गेलो. इथून पुढं जे झालं ते सगळ्यांनी ध्यान देऊन वाचा. गाडी असो, ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो, कागद सारखाच असतो.

पहिली गोष्ट, गाडीचे दात. बैलाला दोन दाती, चार दाती, जुळलेला असं आपण बघतो. गाडीचं वय कारखान्यातून निघालेल्या महिन्यावर. ते गाडीवरच्या पट्टीवर आणि फॉर्म २२ वर असतं. विचारलं तर पोरगा थोडा अडखळला. मी ज्या गाडीवर हात मारला ती फेब्रुवारी २०२५ ची निघाली. दहा महिने आवारात उन्हा-पावसात उभी. मी नेकनूरला कधी दात न बघता इसार दिला नाही, आणि तिथं गारव्यात बसून दिला असता. पोरीनं सांगितलं, नोव्हेंबरची गाडी असली तरच बोलू. नोव्हेंबरची होती, मागं उभी होती.

दुसरी, ते ६६,००० चा फायदा. त्यात ४६,००० 'जीएसटी सूट' होती. ती शोरूमची नाहीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारनं कर बदलला. ह्या आकाराच्या गाडीवर आधी सेस धरून ४५ टक्के लागायचे, आता ४० लागतात. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवर २९ चे १८ झाले. जाताजाता, ट्रॅक्टरवर १२ चे ५ झाले आणि ट्रॅक्टरच्या टायरवर १८ चे ५, घ्यायचं असल त्यानं नोंद घ्यावी. तर जुनी किंमत आधी लिहायची, त्यातून सरकारनं कमी केलेला कर वजा करायचा, आणि त्याला आपली सूट म्हणायचं. खरी सूट फक्त २०,००० होती. किंमत आधीच १३ लाख होती.

तिसरी, खालच्या ओळी. कागद असा होता, आकडे जसेच्या तसे देतो. एक्स-शोरूम १३,००,०००. रोड टॅक्स १,५६,०००. आरटीओचा इतर खर्च ९,५००. विमा ५८,०००. टीसीएस १३,०००. हाताळणी १२,०००. ॲक्सेसरी किट २८,०००. कोटिंग १४,०००. वाढीव वॉरंटी २२,०००. फास्टॅग ६००. बेरीज १६,१३,१००, त्यातून वीस हजार सूट.

पोरीनं पेन घेतला आणि वरून खाली एकेक विचारत आली. आवाज चढवला नाही, हसली नाही, उठली नाही.

रोड टॅक्स : आपल्या राज्यात दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के. बरोबर आहे. हे सरकारात जातं, ह्यावर भांडायचं नाही.

आरटीओचा इतर खर्च ९,५०० : नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये, बँकेचा बोजा चढवायचे १,५००, वर कार्ड आणि टपाल. नंबर प्लेट म्हणले, तर एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला प्लेट कंपनीच देते, तिचे पैसे किमतीतच असतात. बाकीचे कशाचे? उत्तर आलं नाही. ३,००० वर आलं.

विमा ५८,००० : तिनं मोबाईलवर आधीच बाहेरच्या कंपनीचा भाव काढून ठेवला होता, ३९,०००. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. मॅनेजर म्हणला, "विमा बाहेरून घेतला तर सूट मिळणार नाही." ती म्हणली, "मग सूट विम्याची होती, गाडीची नव्हती." तो आत गेला, ४२,००० घेऊन आला. तिनं हो म्हणलं. मी कानात म्हणलं, तीन हजार जास्तीचे कशाला? म्हणली, गाडी ठोकली तर इथंच आणायची, भांडण नको. ते मला पटलं.

हाताळणी १२,००० : "गाडी कारखान्यातून इथं आणायचा खर्च." ती म्हणली, "तो एक्स-शोरूममध्ये नाही का?" ओळ कट.

किट २८,००० : चटया, सीट कव्हर, दाराच्या पट्ट्या. ती म्हणली, नको. "मॅडम, बसवलेलंच आहे." "काढून घ्या." ओळ कट. चटया आम्ही बीडला घेतल्या.

कोटिंग १४,००० : कट. गाडीला रंग कंपनीनं दिलेला आहे, त्यावर आमच्या गडाची धूळ बसणारच आहे.

वाढीव वॉरंटी : ही तिनं ठेवली. गिअर आपोआप पडणारी गाडी आहे, बिघडली तर खर्च मोठा.

टीसीएस : दहा लाखाच्या वरच्या गाडीवर एक टक्का. हा खर्च नाही, जमा आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं की आपल्या नावावर दिसतो. कित्येक जण रिटर्नच भरत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात. दहा लाखाच्या वर गाडी घेतलेल्या आपल्यातल्या लोकांनी कागद काढून बघा.

हे सगळं झाल्यावर शेवटी ती मूळ किमतीवर आली. बाजूच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या शोरूमचा लेखी भाव तिच्याजवळ होता. वर्ष संपायला चार दिवस राहिलेले. त्यांना महिन्याचं टार्गेट असतं, आणि एक जानेवारी उजाडली की दारातली गाडी मागच्या वर्षाची होते. ती म्हणली, "पंचेचाळीस हजार बिलात कमी करा, आज बुक करते." तासभर गेला. मॅनेजर दोनदा आत गेला, फोन केला. शेवटी मान्य केलं.

कर्जाचा माणूस शेवटी आला. "आमच्याकडून घ्या, कागद कमी लागतात." पोरीनं एकच विचारलं, "फ्लॅट का घटता?" तो म्हणला, "दोन्ही सारखंच पडतं मॅडम." तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. कर्ज तिनं तिच्या पगाराच्या बँकेतूनच घेतलं.

आता हिशोब. बिल १२,५५,०००. रोड टॅक्स १,५६,०००, तो कंपनीच्या किमतीवर बसला. आरटीओ ३,०००. विमा ४२,०००. टीसीएस १२,५५०. वॉरंटी २२,०००. फास्टॅग ६००. बेरीज १४,९१,१५०. मी छाती फुगवून १५,४०,००० ला हात मारला होता. म्हणजे ४८,८५० रुपये कमी, आणि गाडी नऊ महिन्यांनी तरणी.

एक आणखी सांगतो. माझी समजूत होती, रोख पैसे दाखवले की दुकानदार वाकतो. आम्ही तर नगद नारायणाच्या गडाखालची माणसं, नगदवर आमचा भरवसा. पण तिथं उलटं आहे. दोन लाख किंवा त्यावर रोख त्यांना घेताच येत नाही, कायदा आहे. आणि त्यांची बरीचशी कमाई गाडीत नसते, ती कर्जात, विम्यात आणि किटमध्ये असते. रोखवाला त्यांना तोट्याचाच वाटतो.

येताना गेवराईच्या पुढं मी तिला विचारलं, मी कुठं चुकलो? पंचवीस वर्षं सौदे केलेत मी. ती म्हणली, "तुम्ही चुकला नाहीत आण्णा. बैलाचा आकडा एकच असतो. ह्या कागदात दहा होते. तुम्ही बेरजेशी भांडलात. बेरीज त्यांनीच केली होती."

हे मी रात्री लई वेळ घोळवलं. आपण घेताना बेरजेशी भांडतो आणि विकताना तर भांडतच नाही. कांद्याची पट्टी हातात येते, त्यात हमाली, तोलाई, वाराई, आणखी कायकाय लिहिलेलं असतं. आपण खालचा आकडा बघतो, खिशात घालतो आणि येतो. वर कुठल्या ओळीत किती गेलं, कुणी विचारलंय? मी नाही विचारलं. लाज वाटते, मागं रांग असते, आडत्या ओळखीचा असतो, उचल घेतलेली असते. नववीतल्या लेकराला वाटली तीच लाज. पोराटोरांना इंग्रजी येतं म्हणून आपण कागद त्यांच्या हातात देतो, पण अडलं तर विचार असं सांगत नाही. उलट खडाखडा वाचल्याचं कौतुक करतो.

गाडी ३० तारखेला आली. पहिल्यांदा गडावर नेली. पोट कुठं टेकलं नाही. आई पुढच्या सीटवर कुणाचा हात न धरता बसली आणि म्हणली, "दार लावू का मीच?" लावलंन तिनं.

परवा पेटीतून ट्रॅक्टरचा जुना करारनामा काढला. पोरीनं आणि मी ओट्यावर बसून सगळा वाचला, एकेक ओळ. तो शब्द दुसऱ्या पानावर आहे, वरून सहावी ओळ. तिनं त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद परत पेटीत ठेवला. फाडून टाकू म्हणलं तर नको म्हणली.

तुम्ही गाडी घेणार असाल तर छापील कागद मागा, एक दिवस घरी आणा, प्रत्येक ओळीपुढं लिहा की हे सरकारचं, हे कंपनीचं, हे दुकानाचं. सरकारच्या ओळीवर वेळ घालवू नका. दुकानाच्या प्रत्येक ओळीला विचारा, कशाचे? आणि इसार खिशातच ठेवा.

रात्रीची लाईट आहे ह्या आठवड्यात, हरभऱ्याचे अजून चार वाफे राहिलेत. चालतो.

राम कृष्ण हरी.